दारावरची टिटवी

(लोणार. लग्नघराची रस्त्याकडची भिंत. खाली अंबूबाई आणि पेंटर कादर. शिडीवर कादरची लेक आलिमा.)

अंबूबाई : ...अन् मी सकाळपासून बोंबलून राह्यली, पन ही पोट्टी शिडीवरून उतरत नाही! कादर, तुह्या लेकीले वळन नाही. परवा माह्या नातीचं, करिष्माचं लग्न, अन् दारावर हिनं काय काढलं? टिटवी!

कादर : काकू, जरा हळू. लोक पाहून राह्यले.

अंबूबाई : पाहू दे. परवा संग्रामपूरचं वऱ्हाड बी पाहीन. म्हनतीन, नवरी देऊन राह्यले का मयताचा सांगावा? रातच्याले टिटवी ओरडली तं मी अंगनात पानी शिपडतो, अन् हिनं तिले दारावर बसवली.

आलिमा : आजी, मोर पण काढला ना. दोन्हीकडे राघू काढले.

अंबूबाई : मोर कोपऱ्यात, अन् टिटवी बरोबर मधात! कादर, माह्या गजेंद्राच्या लग्नात तू या जागेवर मोर काढला होता का नाही?

कादर : काढला होता. आता ब्रश धरला की हात कापते, काकू. म्हनून तं हिले पाठवलं. पयलीच भिंत हाये तिची. ही पुसली गेली तं गावात दुसरी कोन देनार तिले? आधीच सारे फ्लेक्स लावतात.

अंबूबाई : मले बी फ्लेक्सच लावा म्हनत होते घरचे. मीच म्हनलं, नाही, कादरच्या घरचा हात लागला पाह्यजे. त्याचे हे पांग फेडले! मागं गजेंद्रानं घमेलंभर चुना भिजू घातला हाये. टिटवी गेली नाही, तं सारी भिंत पांढरी करीन.

आलिमा : सारी? काठाची जाळी पण?

अंबूबाई : कोनती जाळी?

आलिमा : ही. मोहरमला अब्बा ताबुतासाठी कागद कापतात ना, तीच नक्षी आहे. आणि जाळीच्या आत तुमची गोपद्मं. तुमच्या अंगणातली. रोज येता-जाता बघून काढली.

अंबूबाई : माही गोपद्मं? ...खूर जरा फेंगडे काढले तू. बरं, जाळीचं मले काही नाही. गजेंद्र मोहरमच्या सवारीले केलेल्या नवसाचाच हाये. लहानपनी दर मोहरमले हिरवा कुडता घालून फकीर करे मी त्याले. जाळी राहू दे, गोपद्म राहू दे. टिटवी नको.

कादर : बेटा, मी तुले मोर सांगतला होता. मंग हे काऊन काढलं?

आलिमा : अब्बा, मी चित्रासाठी पाखरं बघायला तळ्याकडच्या वावरांत फिरत होते. आजीच्या वावरात, धुऱ्याच्या बांधाजवळ उंचावर टिटवीनं अंडी घातलेली. गजेंद्रकाका ट्रॅक्टर घेऊन आले, तर आजी ट्रॅक्टरपुढेच उभ्या! ‘फिरव बे तिकून! लेकरावाली हाये थे!’ तिकडून टिटवी ओरडते, इकडून आजी. काकांनी मुकाट्यानं ट्रॅक्टर फिरवला.

कादर : या अल्ला! काकू, खरं का?

अंबूबाई : दात काढू नको, कादर. टिटवीनं उंचावर अंडे घातले तं पाऊस चांगला होते. म्हनून वाचवले. वावरातली गोष्ट वावरात. दारात नाही.

आलिमा : मी हे करिष्माला सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग रडायला लागली. म्हणाली, आलिमा, दारावर माझ्या आजीलाच काढ. सासरी माझ्यासाठी असं कोण ओरडेल?

अंबूबाई : ...असं म्हने थे? मले तं काही बोलली नाही.

आलिमा : तुमच्यापुढे बोलायची कोणाची हिंमत आहे?

कादर : आलिमा! जबान सांभाळ.

अंबूबाई : बोलू दे तिले. खोटं कुठी बोलून राह्यली? ...मंग ही टिटवी म्हंजे मी?

आलिमा : हो. पाय पिवळे, हळदीचे. पाठ तुमच्या कथ्थी लुगड्याच्या रंगाची. डोळ्यापुढचं ते लाल, ते तुमच्या नथीच्या खड्याचं.

अंबूबाई : अन् ह्या काडीसारख्या टंगड्या?

आलिमा : त्या टिटवीच्याच.

अंबूबाई : अन् डोळा कुठी हाये? मोराले नाही, राघूले नाही. सारे पाखरं आंधळे!

कादर : डोळा आमी देत नाही, काकू. माहे अब्बा सांगत, पाखरू काढ, पन त्याच्यात जान टाकनं आपलं काम नाही. म्हनून घरातल्या मोठ्या बाईनं काजळाचं बोट लावावं. गजेंद्राच्या लग्नात तुमच्या सासूबाईनंच लावलं होतं ना?

अंबूबाई : लावलं होतं. मले वाटे, म्हातारी मिरवून राह्यली. साऱ्या बाया खाली, अन् हे वरत मोराले काजळ लावते. अन् मी, नवरदेवाची माय, शिडी धरून उभी!

कादर : त्यानंतर या घरात लग्नच नाही झालं. आता मोठ्या तुमीच. शिडी आमी धरतो.

अंबूबाई : मोठी मीच. हे कोनी आठवून बी देल्लं नाही मले. चार दिवसांपासून लग्नघर माह्या डोक्यावर, पन एकानं म्हनलं नाही की अंबूबाई, सासूची जागा आता तुही. ...पोट्टी, उतर खाली. देवळीतली काजळाची डबी आन.

आलिमा : आणली, आजी. माझ्या खिशातच होती.

अंबूबाई : पाहा! चोट्टी, आधीच घेऊन ठेवली होती.

कादर : काकू, तुमचे गुडघे...

अंबूबाई : ट्रॅक्टरपुढं उभी राहतो मी, शिडीचं मले काय सांगतं? धर नीट. तुहा हात कापते म्हने, मंग दोन्ही हातानं धर. तू बी धर व.

आलिमा : आधी मोराला लावा, आजी.

अंबूबाई : मोराचं मंग पाहू. त्याले नाचाचंच हाये. आधी हिले. दारात कोन येते, हे हिले पयले दिसलं पाह्यजे. ...हां. पाहा आता. पाहून राह्यली ना?

कादर : तुमच्यासारखीच, काकू.

अंबूबाई : गजेंद्र! ओ गजेंद्र! थो चुना गोठ्याले लाव बे, वाया नको घालू! ...अन् तू ऐक, आलिमा. तुह्या तोंडाले वळन नाही, थे मी परत घेत नाही. पन हाताले हाये. परवा मांडवात पुढं बस. या भिंतीले कोनी काही बोललं, तं तू गप राह्य. ओरडाले मी हाये, दारात बी अन् दारावर बी.