पाळकसाहेबांचा बिनसाखरेचा चहा

आमच्या कळंबच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं सांगतो. चहाला नको म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. मधुमेह होता, तरी प्रार्थनेला ज्या घरी जातील तिथं साखरेचा चहा घ्यायचे. पुढं पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि बारामतीच्या डॉक्टरांना पायाचं एक बोट कापावं लागलं.

बरं वाटल्यावर ते पहिल्यांदा आमच्याच घरी आले. आईनं चहा दिला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "ताई, साखर विसरलात."

"विसरले न्हाय. मुद्दाम घातली न्हाय."

"अहो, चहा नाकारला की लोकांचं मन दुखतं."

आई त्यांच्यासमोर बसली. "साहेब, शरीर देवाचं मंदिर हाय, असं तुमीच आमाला सांगता. तुमच्या मंदिराची एक पायरी गेली. आता भिंत पडायची वाट बघताय व्हय?"

साहेबांनी पायाच्या पट्टीकडं बघितलं. मग त्यांनी तो फिका चहा मुकाट्यानं संपवला.

रविवारी चर्चमध्ये उपदेशाच्या आधी ते काठी टेकत उभे राहिले. "देवानं दिलेलं शरीर मी सांभाळलं नाही, ही माझी चूक. आजपासून कुणाच्याही घरी साखरेचा चहा घेणार नाही. राग मानू नका."

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिमोनतात्यांनी विचारलं, "मग गुळाचा चालंल का?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत मागून आई ओरडली, "न्हाय!"

आणि अख्खी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!"