मंगळवारचा ब्रेक

(उत्तरेकडच्या एका शहरातलं जयेंद्रगंज; तिथल्या एका मराठी घराचं अंगण, भर दुपार. जुनी झेन मोटार जॅकवर चढवलेली आणि निधी पुढच्या चाकापाशी बसलेली. रविवारी नोएडाच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची शर्यत आहे. थोरला भाऊ सौरव आज सकाळीच पुण्याहून आला, तो वडिलांना, संग्रामसिंहांना, उद्या कायमचं घेऊन जायला. वडील, म्हणजे या दोघांचे आबा, वर बॅग भरताहेत. ते का निघाले, हे निधीला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. तो राग ती पान्यावर काढते आहे आणि पानाही तिचं ऐकत नाही.)

सौरव : दोन्ही सारखेच तर दिसतात. यात निवडायचं काय एवढं?

निधी : दिसून काय होतंय? तुझ्या हातात आहे तो मऊ पॅड, रोजच्या गाडीचा. चाकात लावलाय तो कडक, रेसवाल्यांचा.

सौरव : मग मऊ लाव. ब्रेक मऊच बरा.

निधी : गेल्या खेपेला मऊच होते. चार चकरा मारल्या, पॅड तापून लाल झाले, आणि सरळ पट्टा संपतो तिथे मी ब्रेक दाबते तर गाडी ऐकेचना. जाऊन वाळूत रुतले.

सौरव : हे आबांना माहीत आहे?

निधी : आबाच तर होते तिथे. वाळूपर्यंत पळत आले, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, पुढच्या वेळी पॅड बदल. ओरडले पण नाहीत. आणि काल विचारलं, आबा, रविवारी कोणते ठेवू, तर म्हणतात, मला नको विचारूस, माझं गाड्यांचं संपलं. मतलब? मला गाडी शिकवली त्यांनी, आणि त्यांचंच संपलं?

सौरव : वय झालं गं त्यांचं.

निधी : मागच्या आठवड्यात नव्हतं झालं. दादा, गोल गोल नको बोलूस. आबा पुण्याला का जाऊन राहिलेत?

सौरव : जाऊन राहिलेत नाही. जाताहेत.

निधी : माझं मराठी नंतर सुधार. का जाताहेत?

सौरव : त्यांनी शपथ घातली आहे मला.

निधी : घातली असेल. सांग.

सौरव : हळू बोल, वर ऐकू जाईल. मंगळवारी तू ऑफिसात होतीस. लीलाआत्याला चक्कर आली, तिनं आबांना फोन केला. स्कूटरवर तिला बसवणार कसं, म्हणून ते गाडी घेऊन गेले. तिच्या घराजवळच, दाना ओलीच्या गल्लीत, पुढे एक ई-रिक्षा थांबली, एक बाई उतरत होती. आबा म्हणतात, मी पाय टाकला, पण पायात जोरच आला नाही. गाडी गेली तशीच पुढे.

निधी : आणि बाई?

सौरव : उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. पडली, कोपर सोलवटलं. रिक्षाचा मागचा पत्रा चेपला. लोक जमले, आबांना नको नको ते बोलले. कुणी तरी म्हणालं, म्हाताऱ्याला किल्ली देतं कोण घरात.

निधी : आणि मला कुणी काही बोललं नाही!

सौरव : तुला माहीत पडलं तर रविवारचं सगळं सोडून बसशील, म्हणाले. निधी, ते फोनवर रडले गं. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. म्हणाले, मला घेऊन जा, इथे राहिलो तर माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल.

निधी : मंगळवारी म्हणालास?

सौरव : हो.

निधी : आणि गाडी हीच?

सौरव : दुसरी कुठली आहे आपल्याकडे? काय झालं? अशी का बघतेस?

निधी : दादा, सोमवारी मी हे कडक पॅड लावले. बायपासवर नेऊन चांगले गरम करून बसवले, गाडी आणून उभी केली, आणि कुणाला काही बोललेच नाही. वाटलं, आबा तर स्कूटरच काढतात, रविवारपर्यंत माझ्याशिवाय हात कोण लावतंय गाडीला.

सौरव : मग?

निधी : मग काय! हे तापल्याशिवाय धरतच नाहीत. ट्रॅकवर तापतात म्हणून तिथे चालतात. गल्लीत, रात्रभर उभ्या गाडीत, ओल्या फरशीवर चप्पल घसरते तसे घसरतात. पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी आपली चालतच राहते. आबांचा पाय ठीक होता रे.

सौरव : पण त्यांनी मिस्त्रीला दाखवली ना गाडी. तो म्हणाला, ब्रेक एकदम ओके, पॅड तर नवे कोरे आहेत. त्यावरूनच आबांची खात्री पटली, दोष आपला.

निधी : नवे कोरे असणारच! मीच लावले होते.

सौरव : अगं, हळू. इकडे ये. माझं ऐकशील? हे त्यांना सांगू नकोस.

निधी : काय?

सौरव : तूच वर्षभर माझ्या मागे लागली होतीस. दादा, आबांची गाडी बंद कर, त्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही. मी किती वेळा सांगून पाहिलं, दर वेळी माझ्यावरच उखडले. आता स्वतःहून सोडली. देवानं ऐकलं समज.

निधी : देवानं नाही ऐकलं. मी विसरले. माझा गाढवपणा देवाच्या नावावर खपवू नकोस.

सौरव : बरं, नाही खपवत. पण झालं ते चांगल्यासाठीच झालं ना?

निधी : गाडी सोडा म्हणायचं होतं तर समोर बसवून म्हणायचं. डोळ्यांचं कारण होतं, डॉक्टर होते. असं चोरून नाही. त्यांना वाटतंय त्यांचा पाय मेला. जिना कठड्याला धरून, एकेक पायरीवर बसत उतरताहेत, मला म्हणतात गुडघा दुखतो. रोज दाल बाजारात चालत जाऊन भुसार घासाघीस करून आणणारा माणूस, तो फाटकाबाहेर जात नाही. काल पाहिलं मी, पलंगावर बसून भिंतीला पाय लावून दाबत होते. मला वाटलं, व्यायाम.

सौरव : आणि सांगितलंस तर? आज संध्याकाळीच किल्ली उचलतील. पुढच्या वेळी खरंच पाय पडला नाही, मग? रात्री फोन वाजला की मी आधी इथला नंबर आहे का बघतो, निधी. तुला नाही कळायचं, तू इथे असतेस.

निधी : मी इथे असते म्हणूनच कळतं. तू त्यांना घेऊन जाशील, सहाव्या मजल्यावर ठेवशील, चांगलं सांभाळशील, मला माहीत आहे. पण ते तिथे आजारी म्हणून जातील. आणि आजारीच राहतील.

सौरव : तुझ्या रविवारचं काय मग? गाडी त्यांच्या नावावर आहे. हे ऐकल्यावर पाठवतील तुला?

निधी : नाही पाठवणार. माझं तोंडही नाही बघणार कदाचित. दादा, मला काय कमी भीती वाटून राहिली आहे? ती बाई मेली असती. माझ्यामुळे मेली असती, आणि आबा जन्मभर—

संग्रामसिंह : कोण मेली असती?

सौरव : आबा! जिना एकटे का उतरलात? हाक मारायची.

संग्रामसिंह : उतरलो ना? मग झालं. निधी, ही दुसरी किल्ली, ठेव तुझ्याजवळ. मला काही कामाची नाही आता. आणि काल उगीच तोडून बोललो तुला. कडकच ठेव रविवारी. ब्रेकात कंजुषी करू नये.

निधी : आबा, मंगळवारी पेडल कसं लागलं होतं?

संग्रामसिंह : सौरव, सांगितलंस तू.

सौरव : आबा, मी—

संग्रामसिंह : शपथेचा तर काही मानच नाही उरला घरात.

निधी : त्याला नंतर बोला. पेडल सांगा. खाली गेलं होतं, की वरच अडलं होतं?

संग्रामसिंह : वरच. दगडासारखं. सगळा भार टाकला तरी हलेना. पायात जोर नसला की असंच लागणार, त्यात विचारायचं काय?

निधी : जोर नसता तर ते दगडासारखं लागलंच नसतं. तुमचा पाय पूर्ण जोरानं पडला होता. पॅडनं धरलं नाही. हे कडक पॅड मी सोमवारी लावले आणि तुम्हाला सांगितलं नाही. थंड असताना हे गाडी थांबवत नाहीत, आबा. मिस्त्रीला ते नवे दिसले, कसले आहेत ते त्याला कुठून कळणार?

सौरव : आबा, बसा. इथे, पायरीवर बसा.

संग्रामसिंह : नको. निधी, गल्लीत ती बाई उतरत होती. हातात पिशवी होती, पाय अजून रिक्षातच होता तिचा. तिचा चेहरा दिसतो मला डोळे मिटले की.

निधी : हो, आबा.

संग्रामसिंह : एक शब्द बोलायला काय झालं होतं? काचेवर कागद चिकटवायचा, किल्ली काढून ठेवायची. एवढी शिकलीस, ट्रॅकवर जातेस, आणि घरात माणसं राहतात हे विसरलीस?

निधी : चुकलं. रविवारी नाही जात मी.

संग्रामसिंह : ते तू ठरवू नकोस, मी सांगतो. आधी दाना ओलीत जायचं. लीलाला त्या बाईचं घर माहीत आहे. तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगायचं, जसं मला सांगितलंस. ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं.

निधी : जाते.

संग्रामसिंह : आणि हे पॅड आत्ता काढ. मऊ लावून नोएडाला जायचं, तिथे पोचल्यावर कडक लावायचे, परत निघायच्या आधी काढायचे. आळस केलास तर गाडी विकून टाकीन.

सौरव : आबा, पण उद्या... उद्या आपण निघणार आहोत ना?

संग्रामसिंह : येईन की. नातवंडं बघायची आहेत. पण पाहुणा म्हणून येईन, सौरव. बॅग एकच घेतो. ती मोठी पेटी राहू दे इथे.

सौरव : आणि गाडी? तुमचे डोळे खरंच कमी झालेत, आबा. ते काही पॅडमुळे नाही.

संग्रामसिंह : माहीत आहे मला. ते माझं मी सोडीन, दिवसाउजेडी, कुणाला न घाबरता. निधी, तू काय म्हणालीस मघाशी? ते परत सांग.

निधी : थंड असले की हे पॅड—

संग्रामसिंह : पॅडचं राहू दे. पायाचं.

निधी : तुमचा पाय पूर्ण जोरानं पडला होता. वेळेवर पडला होता, आबा.

संग्रामसिंह : हं. आता सौरवकडे बघून सांग.