राखी भोपळा, नग दोन

मी, नाव वहीत आहेच पण सगळे भोपळेवाली काकू म्हणतात, वय ५६ वर्षे, धंदा भाजीविक्री, राहणार भाजीबाजारामागची गल्ली, पाण्याच्या टाकीशेजारी, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. भिंतीपलीकडे माझा दीर राहतो. चार वर्षे आमचे बोलणे नाही. माझ्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडेच आहे, कारण ती परत मागायची तर बोलावे लागले असते.

मागच्या खोलीत भोपळे ठेवण्याच्या फळ्या आहेत. भोपळा तोडताना चार बोटे देठ राखावा लागतो. मग दहा दिवस ऊन दाखवून, फळीवर पेंढा घालून, एकाला दुसरा न टेकवता ठेवायचा. देठ धरून उचलायचा नाही. देठ तुटला की तिथूनच सड लागते. दिराने आयुष्यभर भोपळा देठ धरूनच उचलला, म्हणून सासूबाईंनी जाताना राखी भोपळ्याचे बी त्याला न देता मला दिले. ते त्याच्या मनाला लागले ते लागलेच. हे हवालदारांनी विचारले नव्हते, मी आपणहून सांगते आहे.

यंदा कीड पडून त्या वाणाचा एकच भोपळा हाती लागला. तो मी बियाण्यासाठी ठेवला होता. दुसरे बी माझ्याकडे नाही.

गेल्या सोमवारी मी लेकीकडे गेले व मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास परत आले. फळीवर राखी भोपळा होता. रंग तोच, आकार तोच. पण देठ गोल, मऊ, बाटलीच्या बुचासारखा. सासूबाईंच्या वाणाचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा, फळाला टेकतो तिथे पसरट. म्हणजे बाजारातला भोपळा ठेवून माझा कोणीतरी नेला होता.

मी ठाण्यात आले. हवालदार म्हणाले, "काकू, भोपळा चोरीला गेला आणि भोपळा जागेवर आहे, मग मी लिहू काय?" मी देठाचे सांगितले. ते म्हणाले, "भोपळा तो भोपळा." त्यांच्या घरी भाजी कोण आणते हे मी विचारले नाही.

दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते सांगितल्यावर हवालदार माझ्याबरोबर गल्लीत आले आणि दुपारी दिराच्या पलंगाखाली माझा भोपळा सापडला. दोन्ही भोपळे मुद्देमाल म्हणून जप्त झाले. मी बाहेर सह्या करत असताना, मुद्देमालावर गुंडाळायचे कापड नीट बसेना म्हणून हवालदारांनी दोन्ही देठ मुळापासून कापले आणि त्या जागी गरम लाख ओतून शिक्का मारला. शिक्का सुबक आला आहे.

आज मला ओळख पटवायला बोलावले. टेबलावर दोन राखी भोपळे होते. मी म्हटले, "साहेब, देठ?" ते म्हणाले, "जादाचा भाग होता, कचऱ्यात गेला." कापा, बिया बघून सांगते, असे म्हटले तर म्हणे मुद्देमाल कापता येत नाही. कोर्टाची तारीख पाच महिन्यांनी आहे. देठ नसलेला, त्यातून चटका बसलेला भोपळा पंधरा दिवसही धड राहत नाही. सडला तर काय, असे विचारल्यावर "सडल्याचा पंचनामा करू" असे उत्तर मिळाले. मला रडू आले. ते लिहू नका म्हटले होते.

दीर बाकावर बसला होता. तो म्हणाला, "वहिनी, यातला आईचा कुठला?" मी म्हटले, "आता मलाही नाही सांगता येत." तो म्हणाला, "मी दोन्ही हातांवर घेऊन गेलो होतो हो. देठाला बोटसुद्धा लावलं नव्हतं."

तरी मी सांगते की माझ्या घरी चोरी झाली नाही. माझ्या समजुतीत घोटाळा झाला. दोन्ही भोपळे दिराचे असून ते आजच त्याला द्यावेत. तो ते माझ्यासमोर कापील आणि कुठल्या बिया ठेवायच्या ते मी त्याला दाखवीन. खोटी फिर्याद दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे मला समजावून सांगितले. मला ते समजले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'चोरी झाली नाही' हे वाक्य हवालदारांनी माझ्याकडे बघत दोनदा वाचले. दोन्ही वेळा मी बरोबर आहे म्हटले.