करी रोडच्या पावसावर कुडाळची हळद

मला आधी खटकलं ते गावाचं नाव. कुडाळच्या मामाने मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपचा फोटो पाठवला, ‘आज दिवसभर पाऊस, हळदीची लागण सुरू!’ आणि वर लिहिलेलं, करी रोड. मामा आमच्याकडे राहून परत गेला, पण त्याचं अ‍ॅप अजून आमच्याच घरी मुक्कामाला! मी कुडाळ टाकून बघितलं, तर तिकडे कडकडीत ऊन. वर्षभर जपलेलं बियाणं कोरड्या मातीत सुकून जाणार! फोन लावतेय, लावतेय, उचलेल तर शपथ. आई आपली निवांत, “अगं, शेतात असेल.”

“तेच तर ना, आई!”

शेवटी एकदाचा उचलला.

“मामा, थांब! तो पाऊस आमच्याकडचा आहे!”

“तरीच गो! सकाळपासून रेनकोट घालून हळद लावतंय, घामान भिजान गेलंय!”