वर धरलेली तार

—नाही येणार म्हटलं ना काका, एकदा! बसा त्या क्रेटवर, उभं राहिलात म्हणून मी मत बदलणार नाही. आणि हात मोकळेच आहेत तर हा टॉर्च धरा. माझ्या तोंडावर नाही हो, तारेवर! — काय होतंय? काहीच होत नाहीये, तेच तर दुखणं आहे. अंडी उबवायच्या या यंत्रात आठ सेन्सर, सगळे एकाच तारांच्या जोडीवर, आणि हा कंट्रोलर एकेकाला हाक मारतो — तुझ्याकडे किती गरम, तुझ्याकडे किती दमट. एकटा लावला की कोणीही पोपटासारखा बोलतो. सगळे एकत्र जोडले की दातखीळ! पोल्ट्रीवाल्या बाई संध्याकाळी येणार, तोवर चाललं नाही तर अंडी दुसऱ्याच्या यंत्रात — आणि मी तुमच्या गाडीत. हो, दिलाय बाबांना शब्द, फोनवर, तावातावात. आठवण कशाला करून देताय?

म्हणे डिग्री पूर्ण केली असती तर! बाबांनी केली ना? जन्मभर इंजिनिअरची खुर्ची उबवली, घरातला इस्त्रीचा प्लग उघडला नाही कधी. आणि तुम्ही — मोठ्या भावापुढे तोंडातून 'नाही' निघालंय कधी? त्यांनी काकूला नोकरी सोडायला लावली तेव्हा तरी? — बरं, राहू दे. तोंड पाडू नका, टॉर्च हलतोय.

ती बॅग? धुवायचे कपडे आहेत. — छे, कसले धुवायचे! भरून ठेवलीय, सकाळीच. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहिला, वायर बदलल्या, माणसाला कधीतरी वाटतंच ना की — काका, बाबांनी विचारलं का हो काही? म्हणजे, मी जेवतो-बिवतो का? — नाही ना. मला तरी कुठे पडलीय!

थांबा. मीटर बघा. हा सेन्सर अर्ध्यात अडकलाय, तार खाली ओढायची धडपड करतोय — आकडा शून्याजवळ हवा, हा मध्येच लटकलाय. — हात्तिच्या! काका, तार एरवी वर असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं; हा चिमुकला रेझिस्टर तिला तिथे धरून ठेवतो. सेन्सरला बोलायचं म्हणजे ती खाली ओढायची, तीच त्याची भाषा. आणि बनवणाऱ्याने प्रत्येक सेन्सरच्या पट्टीवर आपापला रेझिस्टर चिकटवलाय, काळजीपोटी! आठ जण मिळून वर धरणार, मग एवढ्याशा चिपच्या अंगात ती ओढायचं बळ येणार कुठून? थेट आपलं घर. बाबा, आत्या, तुम्ही — धरलंत मला वर, नाही कोण म्हणतंय? पण मी बोलायचं कसं? — स्विच बंद करा. ती सोल्डरगन द्या. एकाचा ठेवतो, बाकीच्यांचे काढतो. हा गेला. हाही. — नाही काही मोडत! बसून पाहा नुसतं. लावा स्विच.

...

बोलला. पलीकडचाही. सगळे, काका, सगळे बोलतायत!

— आता काय? बाबांना काय सांगू म्हणजे? डोळ्यांनी बघितलंत ते सांगा. ते ओरडले तरी सांगा. एकदा तरी स्वतःचं बोला. — जा, निघा. आणि दार नीट ओढून घ्या, आतली ऊब जातेय.