त्या टेबलापर्यंतचं इंग्रजी

आमचं मूळ गाव विचाराल तर मला सांगता येणार नाही, शेकडो वर्षांपूर्वी कोणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आले म्हणतात, कुठून आले ते कोणी लक्षात ठेवलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, शाळाही कन्नडच, अशी मी येलहंक्यात वाढले आणि लग्न होऊन त्याच येलहंक्यात दोन गल्ल्या पलीकडे गेले. आमचं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं हसतात, हसू देत. वाचायची मला आवड, मिळेल ते वाचायची, पण इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं.

इंग्रजी यांचं. आमचे हे एका सरकारी कारखान्यात क्लार्क होते, आणि बी.ए.ला लावलेली एक जाड इंग्रजी कादंबरी त्यांनी जपून ठेवली होती, खूप जुन्या काळची, मोठी घरं, घोडागाड्या, आणि काय सांगू तुम्हाला, त्यातलं एकही माणूस सरळ बोलत नाही, चहा हवा असला तरी वळसे घालून मागतं. रविवारी दुपारी हे मला त्यातलं वाचून दाखवायचे. मी म्हणायची, कळत नाही हो. ते म्हणायचे, स्वल्प ऐक तर, कळेल मागाहून.

मग हे गेले. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर डोकं टेकलं ते उचललंच नाही. मुलगी तेव्हा दुसरीत.

अनुकंपेवर मला नोकरी मिळणार होती. माझे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते चौकशी करून आले. म्हणाले, अटेंडरची जागा आहे, त्याच्याच सेक्शनमधे, फायली न्यायच्या, सगळ्यांच्या टेबलावर पाणी ठेवायचं, सोपं काम आहे. क्लार्क व्हायचं तर साहेब लोक इंग्रजीत मुलाखत घेतात, तुझं तोंड तर कन्नडातसुद्धा उघडत नाही. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि आत आले, आणि आत आल्यावर लक्षात आलं. सगळ्यांच्या टेबलावर म्हणजे त्याही टेबलावर. तिथे आता दुसरं कोणी बसणार आणि रोज सकाळी मी तिथे पाण्याचा ग्लास नेऊन ठेवणार. कामाला मी कधी लाजले नाही, पण ते टेबल, नाही, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. तशीच बाहेर आले, म्हटलं, अण्णा, मी मुलाखत देते. ते म्हणाले, कुठल्या भाषेत?

शिकायला घरात ते एकच पुस्तक आणि एक इंग्रजी-कन्नड डिक्शनरी. शब्द इंग्रजी, त्याचा अर्थ कन्नडात वाचायचा, तो मनात मराठीत नेऊन ठेवायचा, तेव्हा कुठे तो माझा व्हायचा. तांदूळ निवडताना मेलन्कली म्हणजे उदासी, भांडी घासताना सॉलिसिट्यूड म्हणजे काळजी. शेजारच्या अक्का खिडकीतून म्हणायच्या, कोणत्या देवाचा जप ग हा, आम्हालाही सांग. मी कसली सांगते. आणि भीतीचे शब्द तर मला शोधावे लागले नाहीत, तेच मला शोधत आले. माझ्या मराठीत भीती एकच होती, त्या पुस्तकात तिचं केवढं खटलं. ड्रेड, टेरर, ट्रेपिडेशन. पोटात गोळा येतो ती कुठली, गुडघे जातात ती कुठली, मी प्रत्येकीला नाव लावत बसायची. वाटलं होतं नाव कळलं की ती कमी होईल. कमी होत नव्हती हो.

मुलाखतीला अण्णा स्कूटरवर घेऊन गेले. आत तीन साहेब. मधल्यांनी इंग्रजीत विचारलं, कशा आलात? एवढंच. आणि मी शब्द शोधत बसले, कारण त्या पुस्तकात कोणी स्कूटरवर बसत नाही. रोजचं साधं बोलणं मला शिकवलं होतं कोणी? शेवटी म्हटलं, आय वॉज कन्व्हेड हिअर बाय माय ब्रदर-इन-लॉ, म्हणजे दिरांनी मला इथवर वाहून आणलं म्हणा ना. तिघं हसले. एक म्हणाले, अम्मा, तुम्ही पार्सल आहात का? मीही हसायला पाहिजे होतं, पण पदर मुठीत धरून नुसती बसले.

मग मधले साहेब कन्नडात म्हणाले, अटेंडरची जागा तर सहज देतो, हा हट्ट कशाला? मला कन्नडात उत्तर देता आलं असतं. पण वाटलं, आता कन्नडात बोलले तर अण्णांचंच खरं होईल. म्हणून इंग्रजीतच म्हटलं, सर, आय एंटरटेन अ ड्रेड ऑफ दॅट टेबल. त्या टेबलाचं भय मी मनात बाळगून आहे, असं ते पुस्तकी वाक्य. कोणतं टेबल, त्यांनी विचारलं. माय हजबंड्स, म्हटलं, अँड आय कॅनॉट कॅरी वॉटर टु इट. हे मात्र पुस्तकातलं नव्हतं, कुठून आलं ठाऊक नाही. कोणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, बाहेर बसा.

क्लार्कची जागा मिळाली, दुसऱ्या इमारतीत, टपाल विभागात. आमचे सुपरिंटेंडंट माझ्या पत्रांतले निम्मे शब्द अजून लाल शाईने कापतात, म्हणतात, अक्का, राणीला नाही लिहायचं, गोडाउनला लिहायचंय. पण साहेबांनी बोलावलं म्हटलं की आजही पोटात गोळा येतो, इतकी वर्षं झाली तरी. तो आता जायचा नाही.

यांच्या सेक्शनच्या इमारतीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र एका सहीसाठी मलाच पाठवलं. टेबल तेच, हे सांगायचे तसं खिडकीशीच. नवीन लागलेली एक मुलगी तिथे बसली होती, डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला भात, खात. घाईने हात पुसून उठली, म्हणाली, बसा ना अक्का. मी बसले नाही. पण सही होईपर्यंत तिथे उभी राहिले, टेबलाला हात लावून. निघताना तिला म्हटलं, जेव ग पोटभर, सावकाश जेव.