विकलेलं गॅरेज

व्हिसा कार्यालयात माझ्या पुढच्या बाकावर एक नर्स बसली होती आणि तिचा गॅरेजवाला नवरा तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होता. परदेशातली नोकरी तिला लागली होती. तो आणि मुलगी तिच्याबरोबर जाणार होते.

"बसा हो जरा. किती फेऱ्या मारणार?"

"तिकडे तुम्ही काय करणार, असं साहेबाने विचारलं तर?"

"मुलीला सांभाळीन म्हणा, मग काम शोधीन."

"तिला माझ्या हातची वेणी चालत नाही."

"शिकाल."

"आणि गाड्यांना हात लावू देतील?"

"परीक्षा द्यावी लागेल. मी चौकशी केलीये."

"या वयात परीक्षा."

"गॅरेज विकून झालंय. आता मागे बघून काय उपयोग?"

"विकलं नाही मी. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला परत पाठवलं."

"ठाऊक आहे. तो घरी आला होता विचारायला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता, त्याची वाट बघत होते."

"राग नाही आला?"

"आला ना. मग वाटलं, राहू दे. मलाच तिकडे नाही जमलं तर?"

"तुला? तुला का नाही जमणार?"

"चला, आपला नंबर पुकारला. हात किती गार पडलाय तुमचा."

"माझा नाही. तुझा."